भोपाळ १९८४-८५: थायोसल्फेट द्यायचं की थांबायचं?

विषबाधा शिकवताना सायनाइडच्या उताऱ्यासाठी मी दरवर्षी एकच प्रकरण घेतो, भोपाळच्या वायुगळतीचं. वर्गातून कुणीतरी लगेच विचारतं, "सर, तिथे तर मिक (मिथाइल आयसोसायनेट) होता, सायनाइड कुठून आलं?" हाच प्रश्न डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या हमीदिया रुग्णालयातही विचारला गेला होता आणि त्याच्या उत्तराची वाट बघण्यात गॅसपीडितांचे महिने गेले. पॉलिशच्या कामातलं सायनाइड पोटात गेलेला सोनाराचा कारागीर कॅज्युअल्टीत आला तर काय करायचं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. नेमकं काय झालंय हे कुणालाच नक्की माहीत नाही, दारात हजारो माणसं धापा टाकताहेत आणि हाताशी सोडियम थायोसल्फेटसारखं एक स्वस्त औषध आहे, अशा वेळी काय करायचं याचा धडा मात्र पुस्तकात सापडत नाही. म्हणून हे प्रकरण.

आधी घटना थोडक्यात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. कामगारांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला 'मिक' म्हणतात. हा द्रव ३९ अंशांना उकळतो, म्हणून तो थंड ठेवावा लागतो. थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. पाण्याशी प्रक्रिया होऊन टाकीतलं तापमान २०० अंशांच्या वर गेलं, दाब वाढला आणि मध्यरात्रीनंतर वाफ जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या झोपडवस्त्यांवर पसरली. मिकची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत राहिली आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांच्या नाकातोंडात गेली. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता, पुढे राज्य सरकारने ३,७८७ मान्य केले. दावे निकाली निघेपर्यंत तो आणखी वाढला, आणि पीडितांच्या संघटनांना यातला कुठलाच आकडा पटलेला नाही.

पहाटेपासून हमीदियात जे रुग्ण आले त्यांचे डोळे उघडत नव्हते, तोंडाला फेस होता, छातीत घरघर होती. मिक ओलाव्यावर झडप घालतं, त्यामुळे डोळ्यांचा बाहेरचा पडदा आणि फुप्फुसाचं अस्तर आधी जळतं. फुप्फुसांत पाणी भरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. हे चित्र दाहक वायूचं आहे. त्यावर उपचार म्हणून ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधं, स्टिरॉइड, डोळे धुणं हे सगळं डॉक्टरांनी जिवापाड केलं. कोणता वायू फुटलाय हे त्यांना वेळेवर सांगितलं गेलं नव्हतं, कंपनीच्या बाजूने सुरुवातीला "डोळ्यांची आग होते, बाकी काही नाही" असाच सूर होता. त्या सकाळी त्या डॉक्टरांनी, कनिष्ठ निवासी मुलांनी आणि विद्यार्थ्यांनी जे काम केलं, त्याच्याबद्दल पुढे कितीही मतभेद लिहिले तरी माझ्या मनातला आदर कमी होत नाही.

पेच सुरू झाला शवविच्छेदनाच्या टेबलावर.

गांधी मेडिकल कॉलेजच्या न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांच्यासमोर प्रेतांची रांग लागली होती. ज्यांनी शवविच्छेदन पाहिलंय त्यांना माहीत आहे, गुदमरून मेलेल्या माणसाचं रक्त काळपट असतं, जवळजवळ जांभळाच्या रंगाचं. इथे छाती उघडली की रक्त लालबुंद, पिकलेल्या चेरीसारखं, आणि अवयवही तसेच. फुप्फुसं पाण्याने भरलेली असताना रक्तात इतका ऑक्सिजन कुठून आला, हा प्रश्न कुठल्याही न्यायवैद्यकवाल्याला पडलाच असता. डॉ. हीरेश चंद्र यांनी सायनाइडची शंका घेतली आणि सोडियम थायोसल्फेट द्यावं असं सुचवलं.

ही शंका का घेतली, ते समजायला सायनाइड शरीरात काय करतं हे पाहावं लागतं. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रियात साइटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे. श्वासातून आलेला ऑक्सिजन शेवटी वापरला जातो तो इथे. त्या विकराच्या गाभ्यात लोह असतं. सायनाइड त्या लोहाला जाऊन चिकटतं आणि चूल विझते. फुप्फुसं ऑक्सिजन घेताहेत, रक्त तो पोचवतंय, पण पेशीला तो वापरताच येत नाही. वापरला न गेलेला ऑक्सिजन तसाच शिरांमधून परत येतो, म्हणून शिरेतलं रक्त धमनीतल्यासारखं लाल दिसतं. पेशी मग ऑक्सिजनशिवाय जेमतेम ऊर्जा काढते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. मेंदू आणि हृदय ही सर्वांत खादाड इंद्रियं, त्यामुळे झटके, बेशुद्धी, हृदय बंद पडणं हे मिनिटांत घडू शकतं.

मुलांना मी इथे थांबवतो. लाल रक्त कार्बन मोनॉक्साइडमध्येही दिसतं. प्रेत थंडीत राहिलं असेल तरीही रंग फसवतो. रंगावरून शंका घ्यायची, निदान करायचं नाही. रक्तातलं सायनाइड मोजायचं तर नमुना लवकर आणि नीट जपून ठेवावा लागतो, कारण साठवलेल्या रक्तात त्याचं प्रमाण कमी-जास्त होत राहतं. त्या आठवड्यात भोपाळमध्ये जिवंत माणसाला खाट मिळत नव्हती, तिथे नमुना जपणार कोण?

आता उतारा. शरीराकडे सायनाइड निकामी करण्याची स्वतःची सोय आहे. मुख्यतः यकृतात असलेलं ऱ्होडानीज हे विकर सायनाइडला गंधकाचा एक अणू जोडतं, त्यातून थायोसायनेट बनतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. अडचण अशी की गंधकाचा साठा अपुरा पडतो. थायोसल्फेट दिलं की विकराला गंधक मिळतं. दुसरा मार्ग नायट्राइटचा. नायट्राइटमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा काही भाग ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या मेथहिमोग्लोबिनमध्ये बदलतो, त्यातलं लोह सायनाइडला ओढून घेतं आणि पेशीतलं विकर मोकळं होतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत के. के. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्हींची जोडी प्राण्यांवर तपासून बसवली. तीच जोडी पुढे पुस्तकात गेली: प्रौढाला शिरेतून आधी ३०० मिलिग्रॅम सोडियम नायट्राइट, मग साडेबारा ग्रॅम सोडियम थायोसल्फेट.

भोपाळमध्ये ही जोडी जशीच्या तशी चालली नसती आणि हा मुद्दा बऱ्याच लेखांतून सुटतो. फुप्फुसं आधीच पाण्याने भरलेली आहेत, रक्ताला ऑक्सिजन कमी मिळतोय, अशा रुग्णाला नायट्राइट देणं म्हणजे उरलंसुरलं हिमोग्लोबिनही कामातून काढून घेणं. शिवाय त्याने रक्तदाब कोसळतो. थायोसल्फेटचं तसं नाही. घाईने दिलं तर उलटी होते, रक्तदाब थोडा उतरतो, पण सावकाश दिलं तर सहसा माणूस ते सोसतो. ज्यांनी काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या डार्करूममध्ये काम केलंय त्यांना हे रसायन ओळखीचं आहे, फोटो पक्का करायला ट्रेमध्ये जो 'हायपो' ओतायचो तो म्हणजे हेच. खडीसाखरेसारखे पांढरे खडे. इंजेक्शनसाठी ते शुद्ध आणि निर्जंतुक लागतं, एवढाच फरक, आणि किंमत फार नाही.

म्हणजे शंका खरी निघाली तर लाभ मोठा, खोटी निघाली तर तोटा किरकोळ. माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा होता.

पहिल्या आठवड्यात तो झालाही असता. युनियन कार्बाइडच्या अमेरिकेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडूनच, सायनाइडची शंका असेल तर नायट्राइट आणि थायोसल्फेट वापरावं, असा संदेश आला होता. नंतर कंपनीने ही भूमिका सोडली. म्युनिकचे विषतज्ज्ञ डॉ. माक्स डाउंडरर थायोसल्फेटच्या कुप्या घेऊन भोपाळला पोचले. त्यांनी काही रुग्णांना इंजेक्शन दिलं, रुग्णांना बरं वाटल्याचं सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांना परत जावं लागलं. डिसेंबरच्या मध्याला राज्याच्या आरोग्य खात्याचं परिपत्रक निघालं. त्याचा आशय असा की प्रयोगशाळेत सायनाइडची विषबाधा निर्विवाद सिद्ध झाल्याशिवाय थायोसल्फेट देऊ नये.

या परिपत्रकावर मी बराच विचार केलाय. कागदावर ते शास्त्रीय वाटतं: आधी पुरावा, मग औषध. पण पुराव्याची सक्ती किती कडक ठेवायची हे औषधाच्या धोक्यावर ठरतं. डोकं उघडायचं असेल तर आधी स्कॅन बघतो. साप चावल्याचा नुसता संशय असला तरी प्रतिविष मात्र लक्षणं बघूनच देतो, कारण त्याचीही रिॲक्शन येऊ शकते. थायोसल्फेट या दोन्हींपेक्षा सौम्य. तरीही त्याला सर्वांत कडक अट लावली गेली. आणि जी चाचणी सक्तीची केली, ती करण्याची सोय वस्तीतल्या दवाखान्यात नव्हती.

कारण वैद्यकापुरतं नव्हतं असं मला वाटतं. नुकसानभरपाईचा खटला उभा राहत होता. मिकपेक्षा सायनाइड हा शब्द जगभरच्या लोकांना जास्त कळतो. थायोसल्फेटने रुग्ण बरे होत गेले तर सायनाइड होतं असा पुरावा दर इंजेक्शनबरोबर तयार होणार होता. औषधाची कुपी अशी पुराव्याची वस्तू झाली की ती देणाराही एका बाजूचा ठरतो आणि न देणाराही. भोपाळचे डॉक्टर आपसातच विभागले गेले. त्यांपैकी कुणाच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही. मिकने सायनाइडसारखा परिणाम होत नाही, असं प्रामाणिकपणे मानणारे चांगले वैद्य त्यात होते.

शेवटी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जे करायला हवं होतं ते केलं. जानेवारी १९८५ मध्ये परिषदेने दुहेरी अंध चाचणी घेतली. रुग्णांच्या एका गटाला थायोसल्फेट, दुसऱ्याला दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. बरं वाटतं का हे विचारायचं, पण मुख्य मोजमाप लघवीतल्या थायोसायनेटचं.

हे मोजमाप मला फार आवडतं, कारण ते कुणाच्या मतावर अवलंबून नाही. बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात परीक्षानळीतल्या फेरिक क्षाराच्या फिकट पिवळ्या पाण्यात थायोसायनेटचे दोन थेंब टाकले की नळी रक्तासारखी लाल होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. लघवीत थायोसायनेट आहे की नाही आणि किती, हे याच रंगावरून काढता येतं. तर्क असा: शरीरात सायनाइड किंवा तसं काही असेल तरच थायोसल्फेटला गंधक द्यायला गिऱ्हाईक मिळेल आणि लघवीतलं थायोसायनेट वाढेल. काही नसेल तर इंजेक्शन आलं तसं निघून जाईल. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या लघवीत मुळातच थायोसायनेट जास्त असतं, कोबी-मोहरीसारख्या खाण्यानेही ते वाढतं. म्हणून इंजेक्शनच्या आधीचा नमुना आणि नंतरचा नमुना, दोन्ही एकाच माणसाचे लागतात.

थायोसल्फेट मिळालेल्या रुग्णांत लघवीतलं थायोसायनेट वाढलं आणि त्यांच्या तक्रारीही कमी झाल्या. फेब्रुवारी १९८५ मध्ये परिषदेने थायोसल्फेट वापरण्याच्या सूचना दिल्या. परिषदेच्या वतीने या कामाची धुरा वाहिली डॉ. एस. श्रीरामाचारी यांनी. मुळात ते विकृतिशास्त्रज्ञ, आणि पुढे वीस वर्षं त्यांनी भोपाळचा विषय सोडला नाही. मिक हिमोग्लोबिनला आणि इतर प्रथिनांना रासायनिकरीत्या चिकटतं हे त्यांच्या गटाने दाखवलं आणि शरीरात सायनाइडजन्य पदार्थांचा साठा वाढलेला राहतो अशी मांडणी केली. आठवड्यांनंतरही थायोसल्फेटने आराम का पडतो, याचं हे त्यांचं उत्तर.

विरुद्ध बाजूही पूर्ण सांगायला हवी. मिकचं शरीरात सायनाइड होतं याला थेट पुरावा नाही. टाकीत इतक्या उष्णतेने मिकचं विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड तयार झालं असावं असं काही जण म्हणतात, तर ते तापमान त्याला पुरेसं नव्हतं असं इतरांचं म्हणणं. श्वासातून गेलेलं सायनाइड मारायचं तर मिनिटांत मारतं, वाचलेल्याच्या शरीरात ते महिनाभर टिकत नाही, हाही आक्षेप वजनदार आहे. मला स्वतःला असं वाटतं की मृत्यूंचा मोठा भाग फुप्फुसं जळल्यामुळे झाला, त्यावर थायोसल्फेट काहीच करू शकलं नसतं. पण काही रुग्णांत दुसरंही काही होतं, आणि लघवीच्या नमुन्यांनी ते सांगितलं. रसायनशास्त्राचा वाद मिटला नाही तरी खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरचा निर्णय अडायचं कारण नव्हतं.

परिषदेच्या सूचना आल्या तरी इंजेक्शन वस्तीपर्यंत पोचलं नाही. सरकारी दवाखान्यात ते तुटपुंजं मिळायचं. मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या लोकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या गटाच्या डॉक्टरांनी वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन सर्वेक्षण केलं. कारखान्याला खेटून असलेलं जयप्रकाश नगर आणि लांबचं अण्णा नगर यांची तुलना केली, आणि धाप लागणं, थकवा, पोटाच्या तक्रारी, विसरणं किती पसरलंय हे लिहून काढलं. या गटाशी महाराष्ट्रातले अनेक डॉक्टर जोडलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने भोपाळहून आलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचा पाठपुरावा केला, तोही याच काळातला. जून १९८५ मध्ये कार्यकर्त्यांनी आणि स्वयंसेवी डॉक्टरांनी कारखान्याच्या आवारातच जन स्वास्थ्य केंद्र उघडलं आणि थायोसल्फेट द्यायला सुरुवात केली. प्रत्येक रुग्णाचा कागद ठेवला, आधी काय त्रास होता, नंतर काय. महिना संपायच्या आत पोलिस आले, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांना अटक झाली, कागद जप्त झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका इंजेक्शनसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं.

मला सर्वांत जास्त खंत त्या कागदांची वाटते. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत, जेव्हा उताऱ्याचा खरा कस लागला असता, तेव्हा किती जणांना थायोसल्फेट मिळालं, त्यांचं पुढे काय झालं, ज्यांना नाही मिळालं त्यांचं काय झालं, याची व्यवस्थित नोंद आपल्याकडे नाही. परिषदेची चाचणी झाली ती गॅस फुटल्यावर महिन्याभराने, वाचलेल्यांवर. जे त्या दोन रात्रींत गेले त्यांच्याबद्दल ती काहीच सांगू शकत नाही.

आज चित्र काही बाबतींत सुधारलंय. हायड्रॉक्सोकोबालामिन हे ब-१२ जीवनसत्त्वाचं रूप अमेरिकेत डिसेंबर २००६ मध्ये मान्य झालं, फ्रान्समध्ये त्याच्या बरंच आधी. त्यातला कोबाल्ट सायनाइडला थेट पकडतो, मेथहिमोग्लोबिन होत नाही, त्यामुळे धुरात होरपळलेल्या रुग्णालाही ते देता येतं. प्रौढाला ५ ग्रॅम, साधारण पंधरा मिनिटांत. त्वचा आणि लघवी लाल होते, नातेवाईक घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवायचं. रक्ताचे नमुने ते देण्याआधी काढून ठेवायचे, कारण त्या लाल रंगाने बऱ्याच तपासण्या चुकतात. औषध महाग आहे आणि म्हणून थायोसल्फेटची गरज संपलेली नाही. बंद खोलीत सोफ्याचा फोम जळाला तर त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असतं. अशा धुरातून काढलेला रुग्ण गुंगीत असेल, रक्तदाब खाली असेल आणि रक्तातलं लॅक्टेट लिटरला १० मिलिमोलच्या वर असेल, तर सायनाइडच्या अहवालाची वाट बघायची नसते.

मी पूर्वी नोकरी केलेल्या एका रुग्णालयात थायोसल्फेटच्या कुप्या होत्या. औषधभांडाराच्या कुलूपबंद कपाटात, सर्वांत वरच्या फळीवर, किल्ली ज्याच्याकडे तो रात्री घरी. मुदत संपून सात महिने झालेले. नव्या कुप्या मागवून त्या कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत आणून ठेवायला मला तीन अर्ज करावे लागले, आणि "सायनाइडची केस इथे येते कधी?" हे तिन्ही वेळा ऐकावं लागलं.

तासाच्या शेवटी मी मुलांना कोरा केसपेपर देतो. तारीख ५ डिसेंबर १९८४. तीस वर्षांची बाई, डोळे सुजलेले, धाप, गुंगी, बाहेर दोनशे जण रांगेत. सायनाइडचा अहवाल नाही आणि येणारही नाही. ऑर्डर लिहा. ऑक्सिजन सगळे लिहितात. नायट्राइट लिहिणारे दोघं-तिघं निघतात, त्यांच्याशी बोलावं लागतं. थायोसल्फेट आता बहुतेक जण लिहितात, सावकाश, शिरेतून. मग मी विचारतो, लघवीचा पहिला नमुना कधी घेतलात? निम्म्या वर्गाच्या कागदावर तो इंजेक्शननंतर असतो. त्यांना मी कागद परत देतो आणि ओळ वर घ्यायला सांगतो.